शकुंतला : एकास सत्त्याऐंशी

यवतमाळचा माणूस रेल्वेनं निघाला की आधी एस.टी.त बसतो. धामणगाव गाठायचं, नाहीतर बडनेरा, आणि तिथून पुढं मग मुंबई काय नि हावडा काय. लग्नपत्रिकेत ‘जवळचे रेल्वे स्टेशन’ अशी ओळ असते, तिथं आम्ही बिनदिक्कत दुसऱ्या जिल्ह्यातल्या स्टेशनचं नाव छापतो आणि खाली मुलीच्या मामाचा मोबाईल नंबर देतो. अशा या गावात माझ्या स्वतःच्या मालकीची रेल्वे आहे. ती आमच्या दिवाणखान्यात आठ बाय चारच्या प्लायवरून धावते. नातू शाळेतून आल्यावर एक फेरी, रात्री जेवणं झाल्यावर एक. वीज असली तर.

खासगी रेल्वेची आमच्या जिल्ह्याला तशी जुनी सवय आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज म्हणजे आमची शकुंतला. मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं तिच्यासाठी ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी’ काढली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरावर पोचवायला रूळ टाकले. पुढं देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारी झाल्या, पण या रुळांची मालकी कंपनीकडंच राहिली. गेली काही वर्षं ती गाडी बंद आहे. म्हणजे चालू स्थितीतल्या रेल्वेचा जिल्ह्यातला खासगी मालक आता मीच. आमच्या मेव्हण्याला हे पटत नाही. तो म्हणतो, “भाऊजी, मालकाले कधी पलंगाखाली घुसून डबा शोधा लागते काय?”

या वेडाचं बी पुण्यात पडलं. कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. मुलाकडं गेलो असताना नातवाला दाखवायला म्हणून गेलो. सगळं गाव टेबलावर. सर्कशीचा तंबू, ड्राइव्ह-इन थिएटर, रस्त्यावरच्या गाड्या, आणि या सगळ्यांतून एकमेकींना न धडकता जाणाऱ्या आगगाड्या. मग खोलीतले दिवे मालवतात आणि त्या चिमुकल्या गावात रात्र होते, खिडक्या उजळतात. मी पहिल्या खेळाला गेलो, दुसऱ्याला गेलो. तिसऱ्या खेळाला शेजारच्या बाईंनी माझ्या खांद्यावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, “अहो, त्या लेकराला जरा पुढं येऊ द्या की!” ते लेकरू म्हणजे माझाच नातू. मी त्याच्या पुढं उभा होतो.

परत येताना एस.टी.त मी ठरवलं की आपणही करायचं, आणि करायचं तर शकुंतलाच.

या छंदात पहिल्याच पायरीवर गणित बसलेलं असतं आणि अर्धी माणसं तिथूनच माघारी फिरतात. जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीनं १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत खेळण्यातल्या रुळांची मापं पक्की करून टाकली आणि त्यांना नंबर दिले. पुढं त्यात ‘ओ’ नावाचं माप रूढ झालं आणि त्याच्या निम्म्याला ‘एचओ’ म्हणू लागले, म्हणजे हाफ ओ. जगभर सगळ्यांत जास्त चालतं ते हेच, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं. गंमत अशी की तो ‘ओ’ मुळात अक्षर नव्हे, शून्य आहे. म्हणजे माझा छंद अर्ध्या शून्याचा. हे मी घरात मोठ्या कौतुकानं सांगितलं. ही पोळी लाटता लाटता “तरीच” एवढंच म्हणाली.

पण याच गणितात मला एक असा आनंद मिळाला की त्यावर मी महिनाभर जगलो. युरोपातल्या रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर. सत्त्याऐंशीनं भागलं की साडेसोळा येतात, आणि बाजारातले एचओचे रूळ साडेसोळाचेच. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. तिला भागलं तर येतात सव्वाएकोणीस. तेवढ्या मापाचे रूळ बाजारात कोण ठेवतो? त्यामुळं आपल्याकडचे बहुतेक शौकीन राजधानी काय, शताब्दी काय, सगळ्या युरोपच्या रुळांवरून चालवतात आणि बघणाऱ्यानं ते मोजू नये अशी अपेक्षा ठेवतात. आता शकुंतला घ्या. नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर. भागा सत्त्याऐंशीनं. पावणेनऊ! आणि नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात अगदी सहज मिळतात, ‘एन’ नावाच्या धाकट्या मापाचे. फरक फक्त पाव मिलिमीटरचा. राजधानीला जे जमलं नाही ते आमच्या शकुंतलेनं करून दाखवलं. ही बातमी कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून रात्री साडेदहाला मेव्हण्याला फोन केला. त्यानं आधी “घरी सगळे बरे हायेत ना?” असं विचारलं.

मग लांबीचा हिशेब केला आणि जमिनीवर आलो. ११३ किलोमीटर भागिले सत्त्याऐंशी म्हणजे तेराशे मीटर. म्हणजे दिवाणखान्यातून निघालेली गाडी चौक ओलांडून, किराणा दुकान, पिठाची गिरणी आणि शाळा मागं टाकून थेट मेव्हण्याच्या अंगणात थांबणार. जर्मनीतच हॅम्बुर्गला २००१ पासून मिनियाटूर वुंडरलांड नावाचं एक थोर प्रकरण चालू आहे. तिथं याच मापाचे पंधरा किलोमीटरहून जास्त रूळ अंथरलेत. आमची शकुंतला त्यात दहा-अकरा वेळा मावेल. माझ्याकडं एक प्लाय. आठ फूट म्हणजे खऱ्यातले दोनशे बारा मीटर. त्यात मी तीन स्टेशनं बसवली : यवतमाळ, लाडखेड आणि दारव्हा मोतीबाग. इंजिन यवतमाळात असतं तेव्हा शेवटचा डबा लाडखेडला असतो. गार्डाच्या घरच्यांना हे सोयीचं पडलं असतं.

रूळ आले. एनचे रूळ म्हणजे खालचे स्लीपर फार जवळजवळ, ते नॅरोगेजला शोभत नाहीत. दाढीचं ब्लेड मोडून त्याच्या टोकानं एकेक स्लीपर सोडवायचा, उरलेले सरकवून अंतर वाढवायचं आणि मुद्दाम थोडे तिरपे लावायचे, कारण सरळ स्लीपर असलेली शकुंतला कुणी पाहिलेली नाही. एका फुटाला एक संध्याकाळ जायची. चाळिशीचा चष्मा पुरेना म्हणून सराफ्यातल्या एका सोनाराकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं. त्या माणसानं उगीच विचारलं, “काका, हिरे घेतले काय?” गावात दोन दिवस तशी चर्चा होती.

मग गिट्टी. खऱ्या रुळाखालचा दगड साधारण पाच सेंटिमीटरचा असतो. सत्त्याऐंशीनं भागला की अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. मी घरातल्या सगळ्या डब्यांत बोट घालून पाहिलं. खसखस गोल, मोहरी मोठी, पिठीसाखर फार बारीक. बसला तो रवा. जाडा नाही, शिऱ्याचा. काळ्या चहाच्या पाण्यात रंगवून, उन्हात वाळवून, रुळांमध्ये ब्रशनं पसरवला. वरून फेविकॉलचं पातळ पाणी आणि त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. तो थेंब नसेल तर पाणी रव्यात शिरतच नाही, नुसते मोती होऊन बसतं. सकाळपर्यंत गिट्टी दगडासारखी बसली. दारव्ह्याच्या बाजूचा एक फूट काय दिसत होता म्हणून सांगू!

चौथ्या दिवशी गाडी लाडखेडच्या अलीकडं डोलू लागली. भिंग लावून बघतो तर गिट्टी चालत होती. मुंग्यांची शिस्तशीर रांग, प्रत्येकीच्या तोंडात माझ्या रेल्वेचा एकेक दगड, आणि त्या प्लायच्या कडेनं उतरून देवघराकडं निघालेल्या. रेल्वेचं सामान चोरीला जातं हे ऐकून होतो, पण रुळाखालची गिट्टी भरदिवसा उचलून नेणारी टोळी पहिल्यांदाच पाहिली. “मुंग्यांना रवा घालणं पुण्याचं काम आहे,” असं ही म्हणाली आणि रव्याचा डबा तेवढा वरच्या फळीवर ठेवून दिला. शेवटी गावाबाहेरच्या गिट्टी खदानीवरून क्रशरची चुरी पिशवीभर आणली आणि चहाच्या गाळणीनं चाळली. वास्तविक ती गाळणी जुनी होती. पण त्यानंतर आठ दिवस घरात चहा झाला नाही.

खरी परीक्षा माणसांची. एवढ्या मापाची माणसं तयार मिळतात, जर्मनीची. दोन सेंटिमीटर उंचीची, अप्रतिम रंगवलेली. पाकीट उघडून मी ती लाडखेडच्या फलाटावर ओळीनं उभी केली आणि चार पावलं मागं येऊन पाहिलं. मे महिना, घरात कूलर घरघरतोय, पारा चव्वेचाळीसवर, आणि लाडखेडला सहा गोरे गृहस्थ ओव्हरकोट घालून, गळ्यात मफलर गुंडाळून, गाडीची वाट बघत उभे. एकाच्या हातात स्कीइंगच्या काठ्या. एक बाई कुत्र्याला पट्टा बांधून फिरवतेय. लाडखेडला कुत्री आहेत, पण पट्ट्याची पद्धत नाही.

मग धर्मांतर सुरू झालं. ब्लेडनं हॅट उडवल्या, ओव्हरकोटांची खालची बाजू पांढरी रंगवून धोतरं केली, दोघांना गांधी टोपी दिली. पण बायकांची लुगडी काही जमेनात. पदर म्हणून काढलेली रेघ जखमेसारखी दिसायची. ही दोन दिवस येता-जाता बघत होती. तिसऱ्या दिवशी नेलपेंटची बाटली घेऊन समोर बसली आणि अर्ध्या तासात चार बायांना लुगडी नेसवली. मधल्या ठेंगणीला हिरवं, काठाला पिवळी टिकली. मी म्हटलं, “वा!” तर म्हणे, “वा काय? त्यांच्या हाती पिशव्या द्या. दारव्ह्याला जाणारी बाई रिकाम्या हातानं जाते काय?” साबुदाण्याचे चार दाणे चिकटवून पिशव्या केल्या. त्या दिवसापासून लाडखेडची स्टेशन मास्तर हीच आहे. स्कीच्या काठ्यावाल्याला तेवढं तसंच ठेवलंय. त्या काठ्यांना आम्ही तुराट्या म्हणतो.

गुरांचंही तेच. पाकिटातल्या गाई काळ्या-पांढऱ्या, गुबगुबीत, चॉकलेटच्या जाहिरातीतल्या. दारव्ह्याचे एक ऐंशी पार केलेले गृहस्थ गाडी बघायला आले होते. तरुणपणी त्यांनी शकुंतलेनं भरपूर प्रवास केला होता. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं. स्टेशन पाहिलं, सिग्नल पाहिला, इंजिन हातात घेऊन पाहिलं. मग एकच प्रश्न विचारला, “म्हैस कुठी हाय?” मी म्हटलं, कोणती म्हैस? ते म्हणाले, “रुळावरची!” त्याच संध्याकाळी एक स्विस गाय काळी करून, शिंगं तारेची लावून, लाडखेडच्या पुढं रुळाशेजारी बसवली. रुळावर बसवली असती, पण इंजिन फार नाजूक आहे.

हा छंद करणाऱ्यांत दोन जाती असतात, बांधणारे आणि जमवणारे. जमवणाऱ्यांविषयी मी थोडक्यातच बोलतो, कारण ती माणसं माझ्यापेक्षा श्रीमंत आहेत. नागपूरला माझे एक स्नेही आहेत. त्यांच्याकडं काचेच्या कपाटात बेचाळीस इंजिनं आहेत आणि घरात एक इंचही रूळ नाही. इंजिन खोक्यातून काढलं की त्याची किंमत उतरते, आणि खोकंच फाटलं तर विचारूच नका. लग्नात आलेली चांदीची ताटं जशी पाहुण्यांना दाखवून परत कपाटात जातात, तशी त्यांची इंजिनं. मला म्हणाले, “तुमचं इंजिन झिजेल हो.” मी म्हटलं, शकुंतलेचं खरं इंजिन मँचेस्टरचं, १९२१ साली बनलेलं. ते १९९४ च्या १५ एप्रिलपर्यंत झिजत होतं, तेव्हा कुठं डिझेल आलं. झिजायला काय हरकत आहे? आणि गंमत बघा, कापूस जायचा मँचेस्टरच्या गिरण्यांकडं आणि तो ओढणारं इंजिनही तिथलंच. आमचा फक्त कापूस. म्हणून मी माझ्या इंजिनाच्या धुराड्यात घरच्या शेतातला कापूस पिंजून, निरांजनाच्या काजळीनं काळा करून लावलाय. एवढा स्वदेशी धूर हॅम्बुर्गलाही नसेल.

आता वेग. खरी शकुंतला ताशी वीसच्या आसपास चालायची असं धरलं तर मापात बसणारा वेग निघतो सेकंदाला साडेसहा सेंटिमीटरच्या जरा आत. आठ फुटांना अडतीस सेकंद. ऐकायला सोपं वाटतं. पण बारा व्होल्टची मोटर इतक्या हळू चालायला तयारच नसते. ती एकतर थांबते नाहीतर पळते. परदेशातले लोक गाडी वेगात धावावी म्हणून धडपडतात, मी आमची गाडी पुरेशी रेंगाळावी म्हणून सहा महिने खटपट केली. अखेर साधलं. इतकं साधलं की एकदा लाडखेड ते दारव्हा एका मुंगळ्यानं तिला मागं टाकलं. त्या दिवशी मी पेढे आणले.

आणि ती थांबते. रुळावर धूळ बसली, तेलकटपणा आला की चाकाला वीज मिळत नाही. मग खोडरबरानं रूळ घासायचे, स्पिरिटचा बोळा फिरवायचा. पण पाहुणे समोर बसलेले असताना एवढा वेळ कुठला? तेव्हा सगळे रेल्वेमालक जे करतात तेच मीही करतो, इंजिनाला बोटानं हळूच ढकलतो. पाहणारे हसतात. हसू देत. खऱ्या शकुंतलेवरही मोजकीच माणसं सगळं सांभाळायची. फाटक आलं की गाडी थांबायची, एकानं उतरून फाटक लावायचं, गाडी पुढं घ्यायची, पुन्हा थांबायची, फाटक उघडायचं, चढायचं, मग शिट्टी. माझ्याकडं तर माणूस एकच आहे. फाटक मी लावतो, हिरवी झेंडी मी दाखवतो, शिट्टी तोंडानं मी मारतो.

येणारी पोरं मात्र एकच विचारतात, “काका, वंदे भारत नाही का?” आणि मेव्हण्यानं तर रीतसर मागणी केली आहे. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा ते कळंब ब्रॉडगेज सुरू झाली, वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गाचा पहिला तुकडा. त्याचं म्हणणं असं की शकुंतलेचंही ब्रॉडगेज करायचं जाहीर झालेलं आहे, तेव्हा भाऊजींनी मागं राहू नये. “जाहीर करून टाका ना तुमीबी. करा कोन म्हनते?” मी जाहीर केलंय. भूसंपादन अडलंय. प्लायच्या पलीकडं सोफा आहे आणि सोफ्यावर हिची मालकी आहे.

तान्ह्या पोळ्याची हकीकत सांगायलाच हवी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं सगळी पोरं लाकडी बैल सजवून निघतात, घरोघरी ओवाळून घेतात, बोजारा मिळवतात. छोट्या वस्तूवर मोठ्यांनी इतका जीव लावायचा हा प्रकार विदर्भाला काही जर्मनीनं शिकवलेला नाही. सागाचे, चाकं लावलेले, पितळी घुंगरांचे बैल पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर जपून ठेवलेले असतात, आणि बाप पोरापेक्षा जास्त वेळ शिंगं रंगवत बसतो. गेल्या वर्षी आमच्या नातवानं बैल नेला नाही. शकुंतलेचं इंजिन मोठ्या ताटात ठेवून, त्याला गोंडे बांधून, कपाळावर म्हणजे बॉयलरवर कुंकू लावून निघाला. मला नंतर कळलं. कळलं तेव्हा जीव वर गेला, कारण त्या इंजिनाची खरी किंमत घरात फक्त मलाच ठाऊक आहे. हिला सांगताना मी त्यातलं एक शून्य यार्डातच ठेवलं होतं. धावत चौकात गेलो. तिथं स्पर्धेचे परीक्षक, आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर, इंजिनाकडं बराच वेळ बघत उभे होते. कुणीतरी म्हणालं, “गुरुजी, हा बैल न्हाय.” मास्तर म्हणाले, “ओढते ना?” आणि उत्तेजनार्थ स्टीलचा डबा दिला. इंजिनाच्या चाकात थोडं कुंकू गेलं होतं, ते काढायला तीन दिवस लागले. बोजारा एकशे साठ रुपये जमला. रेल्वेला झालेला तो आजवरचा एकमेव नफा.

काम आता संपत आलंय. फक्त एक डबा अडलाय. शकुंतलेच्या प्रवासी डब्याला एका बाजूला खिडक्या किती होत्या, यावर आमच्या घरात दोन तट पडले आहेत. मी म्हणतो ते आणि मेव्हणा म्हणतो ते जुळत नाही. आणि दारव्ह्याच्या त्या आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, “खिडक्या कोन पाह्यल्या बापा? आमी तं दारात बसत होतो.” पुठ्ठा कापून तयार आहे. ज्यांनी यवतमाळ–मूर्तिजापूर गाडीच्या खिडक्या प्रत्यक्ष मोजल्या असतील किंवा ज्यांच्याकडं डब्याचा नीट बाजूनं काढलेला फोटो असेल, त्यांनी कृपया कळवावं. अंदाज पाठवू नयेत, ते घरात भरपूर आहेत.